गळ्यातली कांडी

नारळ कसा निघाला ते मला आवाजावरून कळतं. कोरडा असला की टणकन वाजतो, पाणीदार असला की थप्प. त्या खंडेनवमीला आमच्या गावच्या वाचनालयात जो फुटला तो थप्प वाजला. पाणी बरंच दिसतंय, असं मनात म्हणतेय तोवर टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या ऐन मध्यात फट्ट झालं. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"लाइट गेली," कुणीतरी म्हणालं.

लाइट कुठली जाते! गुरुजींनी चालू संगणकावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर येतं. विळे, खुरपी, पाने, हातोड्या, सगळं. ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूची माळ घालतात आणि नारळ त्याच्या लोखंडावरच फोडतात. पाणी यंत्राच्या अंगावर पडलं की पूजा यंत्राला पोचली. ट्रॅक्टरचं त्यात काही बिघडत नाही. वाचनालयाची हत्यारं म्हणजे दोन संगणक. इतकी वर्षं त्यांचा नारळ उंबऱ्यावर फुटायचा. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की ट्रॅक्टरला एक न्याय आणि संगणकाला दुसरा का? शिवाय फोटोत पडदा उजळलेला हवा, म्हणून मशीन चालू. त्याचा डबा खाली जमिनीवर, वरच्या बाजूला जाळी. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते, तरी मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी किंचाळलेच असते.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचं रामायण कळणार नाही.

आमचं गाव राहुरीच्या अलीकडे, मुळा धरणाच्या कालव्याला लागून. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. दाराशी पेपर वाचणाऱ्यांचं मोठं टेबल, मध्ये कपाटं, आणि अगदी आत भिंतीशी दोन संगणक. एक गुरुजींचा, एक माझा. तसे दोन्ही गावाचेच. दूध डेअरीवाल्यांपासून बचत गटाच्या बायकांपर्यंत कुणीही येऊन बसतं. पण सकाळी तिथे आम्ही दोघंच असायचो, म्हणून तसं म्हणायची पद्धत पडली.

गुरुजी वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मला त्यांनी शिकवलंय. तेव्हा फळ्यावरची अक्षरं मला अजून दिसत होती, नववीत ती गेली. गुरुजी गेली कित्येक वर्षं त्या संगणकावर गावाचा इतिहास लिहीत होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक. गणपतीत बाहेरचा पाहुणा आला की गुरुजीच माइकवरून सांगायचे, "आमच्या गावचा ग्रंथ आता होतच आला आहे." मग टाळ्या. गुरुजी संगणकाशी बसले की पेपरवाले आवाज खाली आणायचे. आपल्या बापजाद्यांची नावं छापून येणार म्हणून माणसं त्यांना जपायची.

आणि मी म्हणजे शेजारची ताई. भावाच्या घरी राहते. पुण्यातलं एक कार्यालय शेतीविषयक बैठकांची ध्वनिमुद्रणं पाठवतं, ती ऐकून मी शब्द न् शब्द टाइप करून देते. माझे कान आणि माझी बोटं, एवढ्यावर माझं पोट आणि माझा ताठा दोन्ही चालतात. मोबाइल बोलतो माझ्याशी, पण त्याच्या काचेवर तासाभराचं भाषण टाइप करून बघा म्हणजे कळेल. मला खरा कीबोर्ड लागतो, आणि तो गावात वाचनालयातच होता.

पण नुसता कीबोर्ड असून भागत नाही. कुठलाही संगणक सुरू केला की तो आपल्या पोटातली प्रणाली जागी करतो, आणि ती डोळसांसाठी बनवलेली. पडदा बघा, बाण हलवा, टिचकी मारा. माझ्या लेखी तो मुका डबा. माझ्या अंधशाळेतल्या मैत्रिणीने त्यावर उपाय काढला. तिने एका पेन ड्राइव्हमध्ये अख्खी दुसरी प्रणाली बसवून दिली, बोलणारी. बटण दाबल्याबरोबर एक ठरावीक कळ दाबत राहायचं, म्हणजे संगणक स्वतःच्या पोटात न शिरता पेन ड्राइव्हमधून जागा होतो. मग पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मराठीत वाचून दाखवतो. आवाज माणसाचा नाही, सपाट आणि नाकातला. पहिल्या दिवशी वाचनालय सांभाळणारे काका दचकून म्हणाले होते, "आत कोन बसलंय वो?"

काम झालं की मशीन बंद करायचं आणि ती पेन ड्राइव्हची कांडी उपसायची. माझं सगळं लिखाण कांडीत राहतं, गावच्या मशीनला माझी आठवणसुद्धा राहत नाही. पुण्याच्या कार्यालयाची अटच तशी होती, लोकांचं बोलणं सामायिक संगणकावर ठेवायचं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, माझं गळ्यात. काळ्या दोऱ्यात ओवून घातलेली ती कांडी बघून बायका विचारायच्या, "ताई, कुठल्या बुवाचा ताईत?" मी म्हणायचे, लई जागृत आहे, मुक्याला बोलतं करतो.

आणखी एक सवय सांगायला हवी. इयरफोन मी एकाच कानात घालते. दुसरा बोंडा छातीवर लोंबत असतो. डोळस माणूस मान वर करून बघतो कोण आलं, कोण गेलं. आम्हाला त्यासाठी एक कान उघडा ठेवावा लागतो. चारचौघांत दोन्ही कान बुजवून बसायचं धाडस मी कधी केलं नव्हतं, आणि करावंसंही वाटलं नव्हतं.

तर नारळ फुटला. गुरुजी किती वेळ तिथेच उभे होते. त्यांच्या हातातली करवंटी जमिनीवर पडली, घरंगळत माझ्या पायाशी आली, तरी ते हलले नाहीत. "आरं द्येवा," एवढंच काका म्हणत होते. गावाचा ग्रंथ त्या डब्यात होता, आणि तो गुरुजींच्याच हाताने बुडाला होता.  

मशीन उघडून पंख्याखाली वाळवलं. दसऱ्यानंतर राहुरीहून मेकॅनिक आला. त्याने आतला एक भाग बदलला, पंखा फिरला, माणसं आनंदली. पण पुढे सरकेना.

"मशीन वाचलं," मेकॅनिक म्हणाला, "पन विंडोज उठंना. फॉरमॅट मारावा लागंल."

"म्हंजे?" काका.

"म्हंजे आतलं जाईल. न्हाईतर नगरला न्या, निघंल का न्हाई गॅरंटी न्हाई."

 गुरुजींचा श्वास मला ऐकू येत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, माझी कांडी लावून बघू का? ती आतल्या विंडोजला उठवतच नाही. बाहेरून येते आणि कपाटं उघडून बघते, सामान आहे की नाही."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "कशाला तुला त्रास."

मला ते भिडस्तपण वाटलं. आमच्याकडे चहाला सुद्धा आधी नको म्हणतात. काका तर पेटलेच, "त्यात तरास कसला! बगा ताई, बगा तुमी!" मी दोरा गळ्यातून काढला, कांडी लावली, कळ दाबत राहिले. इयरफोन घरी राहिला होता. म्हटलं, बरंच झालं, सगळ्यांना ऐकू येऊ दे.

कांडी जागी झाली. डिस्क सापडली. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. मी बाणाची कळ दाबत गेले आणि तो सपाट आवाज भर खोलीत एकेक फाइल उच्चारू लागला.

"बचत गट हप्ते. डेअरी सभा नोटीस. बायोडाटा. बायोडाटा नवीन. बायोडाटा शेवटचा. बायोडाटा खरंच शेवटचा."

टेबलाशी खसखस पिकली. कुणाच्या तरी लेकीचं स्थळ बघणं चाललं होतं. पण हसू लगेच मावळलं. "आरं, ह्याला तर पासवर्ड हुता की," एकजण म्हणाला. "न विचारताच उघडलं?" मी समजावून सांगितलं की पासवर्ड विंडोजच्या दाराला असतो, आणि मी दाराने आलेच नाही. समजावताना मला वाटत होतं, लोक कौतुक करतील. आता आठवलं की माझ्या भोळेपणाचा राग येतो.

"ग्रामइतिहास," आवाज म्हणाला.

"सापडलं!" काका ओरडले. माणसं खुर्च्या सारून मागे येऊन उभी राहिली. मी फाइल उघडली. "मुळा नदीच्या उजव्या तीरावर वसलेले आपले गाव प्राचीन काळापासून," असं त्या नाकातल्या आवाजात सुरू झालं. चक्क टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वळून म्हटलं, "गुरुजी, आहे हो सगळं!" गुरुजी काही बोलले नाहीत. गहिवरले असतील, वाटलं.

"समदी पानं शाबूत हायेत का, त्येवडं बगा," काका म्हणाले.

पानांचा आकडा सांगणारी कळ मी दाबली.

"पृष्ठ चारपैकी एक."

ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी पुन्हा दाबली. आवाजाने पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच थंडपणे. टाळ्यांची ऊब अजून खोलीत होती, आणि त्यात हे.

"चार?" काका म्हणाले. "बाकीची कुठं गेली?"

आता जे सांगते ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. बाकीची पानं कुठेच गेली नव्हती. मला चार आकडा ऐकून धक्का बसला हे खरं, निदान चाळीस तरी असतील असं वाटलं होतं. पण पुस्तक नाही, हे मला फार आधीपासून ठाऊक होतं. माझा उघडा कान वर्षानुवर्षं गुरुजींच्या बाजूला होता. गुरुजी एका बोटाने टाइप करायचे, टक, टक, टक. ओळभर झालं की थांबायचे. मग कोपऱ्यातली मोठी कळ, खोडायची. ती वापरून वापरून सैल झाली होती. दाबली की खट्ट, सोडली की खुट्ट. गुरुजींची खट्ट ऐकू आली की खुट्टपर्यंत मी माझं एक वाक्य पुरं करायचे, इतका वेळ ती दाबलेली असायची. सकाळभर लिहायचं आणि उठताना सगळं खोडून जायचं. मला काय त्याचं? माणूस आपल्या घरात काय करतो ते भिंतीपलीकडून ऐकू आलं, म्हणून कुणी गावात सांगत फिरतं का?

मी गुरुजींची वाट बघत होते. ते आता हसतील, म्हणतील, "अरे, चारच होती." एवढंच तर बोलायचं होतं.

"बाहेरची सिस्टीम घुसवली की काय बी व्हतं," मेकॅनिक म्हणाला. "मी तर आतल्या डेटाला हातच लावला न्हवता."

"म्हंजे कांडीनं खाल्ली?" मागून कुणीतरी विचारलं.

"दाराकडनं न येता मागनं शिरलं म्हनल्यावर..."

मी गुरुजींच्या दिशेला तोंड करून बसले होते. खुर्ची करकरली. चपला सरकल्या. माझ्या मागून, पेपरच्या टेबलाजवळून, दारातून बाहेर.  ज्या माणसाने मी खोटं बोलले म्हणून मला दुसरीत अंगठे धरून उभं केलं होतं, तो माणूस मला चोर ठरवून गप निघून गेला.  वीज गेल्यावर मशीन थांबतं, तशी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

दोनच दिवसांत कमिटी बसली. मी सकाळी गेले तर काका दारातच आडवे आले.

"ताई, राग मानू नगा. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायचा न्हाई, आसं ठरलंय. पाटी लावलीया."

"कुठे?"

त्यांनी माझा हात धरून भिंतीवर टेकवला. गुळगुळीत कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. मी त्यावर बोटं फिरवली. अर्थातच काही लागलं नाही. माझ्यासाठी लावलेली पाटी, आणि ती मला सोडून सगळ्यांना वाचता येत होती.

"तुमी बसा की," काका म्हणाले, "संगनकावर बसायला कुनी न्हाई म्हनत न्हाई. नुसती ती कांडी लावू नगा."

म्हणजे बसा, पण मुक्या डब्यासमोर बसा. काका वाईट माणूस नाही, त्यांचा आवाज रडवेला झाला होता. पण मला इतका संताप आला की पायऱ्या उतरताना काठी कुठे टेकतेय ते कळेना. दिसत नाही म्हणून ज्यांनी मला आजवर हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, त्यांना माझी कीव चालत होती. मला काही जमतं म्हटल्यावर मात्र सगळ्यांना घाम फुटला.

वहिनीला घेऊन एसटीने राहुरीला गेले. तिथला सायबर कॅफेवाला म्हणाला, "आमच्या मशिनी लॉक हायेत, पेन ड्राइव्हवरनं चालू व्हनार न्हाईत." दुसऱ्याने तर दोऱ्यातली कांडी बघूनच नको म्हटलं. इकडे पुण्याहून फोन, काम कुठवर आलं? आमच्या इतक्या वर्षांच्या संबंधात मी पहिल्यांदा थाप मारली, म्हटलं, तब्येत बरी नाही. फोन ठेवला आणि रडले. हे काम गेलं की मी भावाच्या घरातली एक जास्तीची खुर्ची, हे मला स्वच्छ कळत होतं.

वहिनीला मी सगळं सांगितलं होतं, खट्ट आणि खुट्टसकट. ती भाकरी थापता थापता थांबली. "मंग बोलत का न्हाई तुमी? गुरुजीनं लिवलंच न्हवतं म्हनावं! गप ऱ्हाऊन तुमचीच कांडी चोर ठरली."

"कोण विश्वास ठेवेल गं? आणि ठेवला तर? त्यांची गावात काय राहील?"

"आन् तुमची?" वहिनी म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

त्या 'आन् तुमची'ने मला रात्रभर टोचलं. सकाळी काठी घेतली आणि एकटी गुरुजींच्या घरी गेले. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. कटाक कटाक आवाज चालू होता. मी आल्यावर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आले. गुरुजी, बाकीची पानं कुठे गेली ते मला माहीत आहे."

शेंगांचा आवाज बंद.

"कुठे गेली?"

"तुम्ही खोडलीत. मी शेजारी बसून ऐकलंय."

"काय ऐकलंस?"

"कोपऱ्यातली ती कळ. सैल झालीय. दाबलीत की खट्ट, सोडलीत की खुट्ट. मधे तुमची सकाळ जायची."

 मग सुपात शेंगा पडल्याचा आवाज आला, हातातून सुटल्यासारखा.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या शेजारी बसायला लागल्यापासून."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला कशाला बोलू?"

"मग त्या दिवशी तरी... त्या दिवशी का नाही बोललीस, पोरी?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," मी म्हटलं. काठी बाजूला ठेवून मी ओट्यावर टेकले. भांडायला गेले होते आणि लहान पोरीसारखं बोलून बसले, त्याचाच मला राग आला.

गुरुजी हुंदका देतील किंवा माफी मागतील, असं काहीसं मी धरून चालले होते. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते एकदम बोलायलाच लागले, वर्गात बोलायचे तसे, पण घाईने. नावं त्यांनी घेतली, मी इथे गाळते. "इतिहास लिहायला बसलं की कुणाच्या तरी आज्याला चोर म्हणावं लागतं. कुणाच्या आज्याने कालव्याचं पाणी पळवलं, कुणी भावाच्या जमिनीला कुंपण घातलं, सगळं मला पाठ आहे. लिहितो. बरं लिहितो. तेवढ्यात त्याचा नातू पेपर वाचायला येऊन समोर बसतो. 'रामराम गुरुजी, पुस्तक कुठवर आलं?' की मी खोडतो. नदीचं तेवढं राहिलं. नदी कुणाची भावकी नाही."

मला हसू आलं. आवरलं नाही. तेही घशातल्या घशात हसले. मग मी म्हटलं, "गुरुजी, तुमची पानं गेली तर गाव हळहळेल. माझी कांडी गेली तर माझं काम जाईल. मी काय करू ते सांगा."

 मी उठले. ओट्यावरून उतरताना त्यांनी काठी माझ्या हातात दिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेले ती केवळ हट्टाने. म्हटलं, मुक्या डब्यासमोर बसते, बघू दे सगळ्यांना. पेपरच्या टेबलाशी नेहमीची माणसं होती. माझ्यामागून थोड्या वेळाने गुरुजींच्या चपला आल्या. त्या आत न जाता टेबलाशी थांबल्या.

"ऐका," गुरुजी म्हणाले. मुख्याध्यापकाचा आवाज, खडा. "पुस्तकाची पानं चारच होती. नारळाने गेली नाहीत आणि हिच्या कांडीनेही खाल्ली नाहीत. मी लिहिलीच नव्हती."

कुणाच्या तरी हातातला पेपर खाली गेला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. खरं सांगते, मला हे अपेक्षित नव्हतं. ते कमिटीला काहीतरी गोलमाल सांगून पाटी काढवतील, एवढीच माझी उडी होती. भरल्या गावात असं कुणी स्वतःचं नाक कापून हातात देत नाही.

"आसं कसं गुरुजी," काका चाचरत म्हणाले, "इतकी वर्सं तुमी..."

"इतकी वर्षं खोडत होतो."

 चपला भिंतीकडे गेल्या. चिकटपट्टी निघताना जो चर्र आवाज होतो, तो मी चारदा ऐकला. नंतर मी मुद्दाम उठून भिंतीवर हात फिरवला. कागद नव्हता. चार कोपऱ्यांना चिकटपणा तेवढा राहिला होता, बोटाला लागत होता.

टेबलाशी हळूहळू कुजबुज सुरू झाली. ती ऐकवत नव्हती. "मंग गनपतीत काय टाळ्या घ्यायचा," असं एकजण म्हणाला, आणि ज्याच्या आज्याने कालव्याचं पाणी पळवलं होतं तोच तो, हे मला आता माहीत होतं. गुरुजी त्यांच्या जागेवर येऊन बसले. त्यांचं मशीन मेकॅनिकने पुन्हा उभं केलं होतं, माझी कांडी चालू असतानाच उतरवून घेतलेली चार पानं पुन्हा आत ठेवली होती. मी दोरा काढला, कांडी लावली, माझा संगणक बोलू लागला. इयरफोनचा एक बोंडा कानात घातला. पुण्याचं राहिलेलं ध्वनिमुद्रण सुरू केलं.

शेजारी टक. मग टक. मग काही नाही.

मला कळेना काय झालं. खट्टही नाही, खुट्टही नाही. गुरुजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता, अडखळणारा. मग एक टक, आणि पुन्हा थांबले. लिहायचंही होईना आणि खोडायचंही होईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते गावाला घाबरून थांबले नव्हते. गावाला त्यांनी सांगून टाकलं होतं. ते माझ्या कानाला बिचकत होते. शेजारी बसलेली बाई आपली प्रत्येक कळ ऐकते, हे कळल्यावर कुणाचं बोट चालेल?

छातीवर दुसरा बोंडा लोंबत होता, नेहमीसारखा. मी तो हातात घेतला. जरा भीती वाटली. दारातून कोण येईल, मागे कोण उभं राहील, मला काही कळणार नव्हतं. मी तो दुसऱ्या कानात घातला आणि आवाज वाढवला.

त्यानंतर गुरुजींनी काय लिहिलं आणि काय खोडलं, मला माहीत नाही.